पैसा आला स्वयंपाकघरातून

प्रश्न : बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. कामावर जाणाऱ्यांना नेणाऱ्या मोटारींचा खर्च कुठून निघाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : चर्चमध्ये वर्गणी जमे, बाहेरगावाहूनही मदत येई. पण मला आधी आठवतात त्या जॉर्जिया गिलमोर. एका खाणावळीत स्वयंपाकाला होत्या. भाडं घेऊन ‘मागच्या दाराने चढ’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरने त्यांना रस्त्यावरच सोडून बस पुढे हाकली होती.

बहिष्काराच्या सभांना त्या कोंबडीची सँडविचेस करून विकू लागल्या. मग इतर बायकाही ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि केक करून दारोदार विकू लागल्या. गटाचं नाव ‘कुठलाच नसलेला क्लब’! पैसे कुणी दिले, हे गोऱ्या मालकांना कळलं तर नोकरी जायची, म्हणून ही युक्ती. सभेत जॉर्जियाबाई रकमेचा आकडा सांगत आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत.

१९५६ मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर त्यावरूनच खटला भरला गेला, त्यात जॉर्जियाबाईंनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. नोकरी गेलीच. किंग म्हणाले, घरीच खाणावळ काढा. त्यांनी काढली, आणि किंग स्वतः तिथे जेवायला येत.

वर्गात इतिहास शिकवताना मी रोझाबाईंपाशीच थांबत असे, ही रुखरुख आहे.