मॉरिशसला जातोय, पोर्ट लुईला किती वेळ द्यावा?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टच्या शेवटी आई-वडिलांना घेऊन आठवडाभर मॉरिशसला जाताय, समुद्रकिनाऱ्यापेक्षा झाडं, डोंगर आणि इतिहास यांत जास्त रस आहे, आणि टूरवाल्याने मात्र पोर्ट लुई या राजधानीच्या शहरापुढे ‘अर्धा दिवस, शॉपिंग’ एवढंच लिहून दिलंय. माझं म्हणणं, शहराला एक पूर्ण दिवस द्या, तोही सोमवार ते शुक्रवार यांपैकीच. शिवाय दीड-दोन दिवस शहराबाहेरच्या बागेला, डोंगराला आणि जंगलाला. मी कामानिमित्त तिथे राहून आलोय, म्हणून जरा हक्काने सांगतो.

या बेटाला मूळचे रहिवासीच नाहीत, हे आधी डोक्यात ठेवा. 1598 मध्ये डच उतरले तेव्हा इथे माणूस राहत नव्हता. डचांनी जावाहून ऊस आणला, हरणं आणली. ते कंटाळून निघून गेल्यावर 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले, भारतातून मजूर आले, चिनी दुकानदार आले. आज दिसणारी बहुतेक झाडंसुद्धा बाहेरचीच. पोर्ट लुई हे या सगळ्या आवकजावकीचं दार. 1735 नंतर माहे द लाबुर्दोने या फ्रेंच गव्हर्नरने बंदर आणि शहर उभं केलं. त्याचा पुतळा अजून प्लास द आर्मच्या चौकात ताडांच्या रांगेपुढे बंदराकडे तोंड करून उभा आहे.

दिवसाची सुरुवात आप्रवासी घाटापासून करा. बाहेरून बघाल तर फसाल, कारण डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही: काळ्या दगडाच्या भिंती, थोडे पडके भाग, शेजारून धावणारा मोठा रस्ता. मूळ आवारातला अगदी थोडा भाग उरलाय. पण 1834 मध्ये इंग्रजांनी ‘गुलामांऐवजी करारावरचे मजूर’ हा प्रयोग सुरू केला तो या बंदरात, आणि 1849 पासून त्या मजुरांना उतरवून घेण्याचा डेपो इथे उभा राहिला. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 जण आले. पुढे 1920 पर्यंत जवळपास पाच लाख. काही इथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, काहींना इथूनच पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियनकडे पाठवलं. 2 नोव्हेंबरला आजही देशभर सुट्टी असते आणि 2006 पासून घाट जागतिक वारसा यादीत आहे.

जहाजातून उतरलेला माणूस ज्या 16 दगडी पायऱ्या चढून आत यायचा, त्या शाबूत आहेत. आत नोंदणी, डॉक्टरची तपासणी, एक नंबर, आणि एक-दोन दिवसांनी मळ्यावर रवानगी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. शेजारच्या माहिती केंद्रात हे सगळं नीट मांडलंय. तिथे किमान दीड तास काढा, आणि पायऱ्यांचा फोटो काढून लगेच परत फिरणाऱ्या ग्रुपमध्ये सामील होऊ नका. प्रवेशाला पैसे नाहीत, रविवारी बंद असतं.

घाटापासून चालत थोड्याच अंतरावर जुन्या फ्रेंच लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय आहे, 2023 मध्ये उघडलेलं. आपली मंडळी बहुतेक वेळा इथे फिरकत नाहीत, ‘आपला’ घाट पाहून पुढे जातात. मला ते खटकतं. 1835 मध्ये गुलामी संपली म्हणून मळेवाल्यांना भारतीय मजूर लागले. त्याआधीच्या शंभर वर्षांत हे शहर बांधलं कोणी, ते पाहिल्याशिवाय घाटाची गोष्ट अर्धीच कळते.

मग मध्यवर्ती बाजार. भाजीच्या गाळ्यांमधून चक्कर मारा, आईंना ओळखीचं बरंच दिसेल. खायला धोलपुरी घ्या. वाटलेल्या हरभरा डाळीचं सारण भरलेली, पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणा ना, पण इतकी पातळ आणि मऊ की गुंडाळून हातातच खायची. दोन-दोनच्या जोडीने मिळते, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि मिरचीची चटणी. मिरची ‘थोडी’ असं आधीच सांगा. गातो पिमा म्हणजे आपला डाळवडा. वर थंडगार आलुदा, दूध, सब्जा आणि चायनाग्रासचं. माझ्या मते शहरातलं सगळ्यात चांगलं जेवण हेच आहे. कोदाँ वॉटरफ्रंटवरच्या महागड्या हॉटेलांपायी हे चुकवू नका. तिथे पाय मोकळे करा, बंदरातल्या बोटी बघा, बस.

दुपारी सावली हवी असेल तर कंपनी गार्डन जवळच आहे. एकेकाळी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा भाजीमळा, आता पारंब्यांचे वड, बाकं, पुतळे आणि डबा खाणारी ऑफिसातली माणसं. लागूनच निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय (उघडं आहे ना ते आदल्या दिवशी विचारून घ्या). त्यांच्याकडे डोडोचा जो सांगाडा आहे, तो जगात एकाच पक्ष्याच्या हाडांचा जवळपास पूर्ण असा एकमेव. तो शोधला तिरियू नावाच्या एका हौशी माणसाने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. धंद्याने तो न्हावी होता. डोडो सतराव्या शतकातच संपला. जहाजांतून आलेली डुकरं, उंदीर आणि माकडं यांनी जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी उरू दिली नाहीत. बाहेरून येणाऱ्यांची ही दुसरी बाजू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांपलमूसची बाग करा, शहरापासून उत्तरेला साधारण 11 किलोमीटर. नीट सपाट रस्ते आहेत, ज्येष्ठांना सोयीची. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने 1770 च्या सुमाराला मोलुक्का या इंडोनेशियातल्या मसाल्याच्या बेटांवरून डचांच्या नाकावर टिच्चून लवंग आणि जायफळाची रोपं इथे आणवली होती. परातीएवढ्या पानांचं कमळतळं सगळे दाखवतातच. तुम्ही तालिपोट ताड मुद्दाम विचारा, तो कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि मरतो. मसाल्याची पानं चुरडून वास दाखवणारा गाईड घ्यावा, मजा येते.

तिसरा दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाला. हे बेटाच्या नैऋत्येला आहे, बसने जमेल असं नाही, दिवसाची टॅक्सी ठरवा. साधारण 6,500 हेक्टरांचं हे जंगल 1994 पासून संरक्षित आहे, आणि बेटावरचं मूळ अरण्य उरलंय ते मुख्यतः इथे. तेही चांगल्या स्थितीतलं दोन टक्क्यांहून कमी. दरीच्या कठड्यापर्यंत गाडी जाते, तिथून आई-वडिलांनाही धबधबा आणि खाली समुद्रापर्यंत उतरत गेलेली हिरवी दरी दिसेल. तुम्ही मात्र एखादी पायवाट उतराच. वाटेत दाट, सरळसोट, लाल छोट्या फळांची झुडपं दिसतील, तो ‘चिनी पेरू’. नाव चिनी, आला ब्राझीलकडून. फळं गोड-आंबट, स्थानिक लोक हंगामात पिशव्या भरून नेतात, आणि वनखातं तोच उपटून काढायला माणसं लावतं, कारण त्याच्या गर्दीत आबनूससारख्या मूळ झाडांची रोपं उठूच शकत नाहीत. नशीब असेल तर मॉरिशस केस्ट्रेल दिसेल, छोटा ससाणा. 1974 मध्ये जंगलात असे चार पक्षी उरल्याची नोंद होती. अंडी उबवून, पिल्लं वाढवून, सोडून ते परत शेकड्यांत नेले. गुलाबी कबुतराचीही तीच कथा. माकडांना काही खायला घालू नका, फोटोसाठीसुद्धा.

तुमचे गुडघे धड असतील तर एखादी पहाट ‘ल पूस’ डोंगराला द्या. उंची 812 मीटर. मोका-सेंट पिएरच्या बाजूने चढ सोपा, आपल्या सिंहगडाची सवय असलेल्याला काहीच नाही, शेवटचा टप्पा तेवढा उभा आणि पावसात निसरडा. 1836 मध्ये डार्विन हा डोंगर चढला होता. माथ्यावरून बंदर, घोड्यांच्या शर्यतीचं शां द मार्स मैदान आणि मागचा उसाचा पसारा एकाच नजरेत येतो, म्हणून नकाशा वाचण्यापेक्षा हे बरं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘तिथे मराठी माणसं भेटतील का?’ भेटतील. मुंबई बंदरातूनही मजूर गेले, कोकणातले बरेच. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने संख्या लहान. पश्चिमेकडच्या कास्कावेल भागात त्यांची जुनी वस्ती आहे. शाळांत मराठी शिकवतात, भजनं आणि जाखडी टिकवलीय. पण घरात बोलतात ती क्रेओल, फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली. भेटल्या भेटल्या ‘तुमचं मूळ गाव कुठलं, मराठी येत नाही का?’ अशी उलटतपासणी घेऊ नका. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं गाव पणतवंडाला कसं माहीत असणार? ज्यांना शोधायचंय ते मोकातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात शोधतात, आगमनाच्या नोंदवह्या आणि 1860 च्या दशकापासूनचे मजुरांचे फोटो तिथे आहेत. आपण ‘बोंझूर’ म्हणावं, त्यांना वाटलं तर ते आपणहून मराठीत येतात.

किरकोळ: भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा. घड्याळ दीड तास मागे. ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा, शहरात हवा छान असते पण दरीच्या बाजूला गार वारा आणि पाऊस, म्हणून आई-वडिलांना स्वेटर घ्या. रोझ हिल, क्युरपिपकडे राहणार असाल तर शहरात मेट्रोने या, आपल्या लार्सन अँड टुब्रोनेच बांधलीय, पार्किंगचा त्रास वाचतो. पाचनंतर आणि रविवारी शहर ओस पडतं, तेव्हा रविवार जंगलासाठी ठेवा. आणि तारखा पक्क्या करण्याआधी पंचांग बघा: गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तुमच्या आठवड्यात ती येत असेल तर त्या दिवशी संग्रहालयं ठेवू नका, कास्कावेलला आरतीला जा.