पुढचं चाक लहान का?

प्रश्न : रामराम भाऊ. अमेरिकेच्या जुन्या पिच्चरमधे पांढऱ्या कापडाचं छत असलेल्या गाड्या दिसतात ना, त्यांची पुढची चाकं लहान आणि मागची मोठी, असं का? आपल्या बैलगाडीची तर दोन्ही सारखी. – एक वाचक, चोपडा

उत्तर : रामराम. आपली गाडी दोन चाकी, बैल वळले की गाडी वळली, विषय संपला. त्यांची गाडी चार चाकी, वळताना पुढचा कणा, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, खिळीवर फिरतो आणि चाक साटीखाली, म्हणजे माल ठेवायच्या पाटाखाली सरकतं, ते मोठं असलं तर साटीला घासून अडकेल, म्हणून लहान. पण लहान चाक खड्ड्यात जास्त रुततं, ओढायला जड जातं, म्हणून मागची मोठी ठेवायची. कपाशीच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी हाकली असेल तर चाक मोठं का पाहिजे ते तुम्हाला सांगायला नको.

आणि हो, पिच्चरमधे घोडे दाखवतात पण अमेरिकेत पश्चिमेकडे ओरेगॉनला वस्ती करायला जाणाऱ्यांच्या वाटेवर बैलच जास्त असायचे. १८४० नंतर लोक मिसुरीहून निघायचे, सुमारे ३२०० किलोमीटर, चार ते सहा महिने चालायचं.

खरी गंमत धावेची, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीची आहे. लोखंडी धाव लाकडी चाकापेक्षा जरा लहानच करतात, भट्टीत लाल करून चढवतात आणि वरून पाणी मारतात, धाव आकसते आणि तुंबा (मधला गाभा), आरे (त्यातून निघणाऱ्या काड्या), बाहेरचे पुठ्ठे (गोल कडेचे लाकडी तुकडे) सगळे एकमेकांत आवळून बसतात, खिळ्यांपेक्षा तिचाच आधार मोठा. आता त्या ओरेगॉनच्या वाटेवर पुढे कोरडा मुलुख लागला की लाकूड सुकायचं, आकसायचं, आणि धाव ढिली होऊन निघायला बघायची. मग धावेखाली लाकडाच्या पाचरी ठोका, नाहीतर मुक्कामाला चाकं काढून रात्रभर नदीत टाका, तेही जमलं नाही तर धाव उतरवा, तापवा, परत चढवा. आमचे आबा एप्रिल-मेमधे हेच करायचे, गाडी नेऊन नाल्याच्या डोहात उभी करायची, आम्ही पोरं समजायचो गाडीला आंघोळ घालताय! आपल्याकडचा उन्हाळा काय तिकडच्यापेक्षा कमी आहे का.

अजून एक बघा, त्यांचं चाक सपाट नसतं, बशीसारखं खोलगट असतं, आरे तुंब्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेले. जनावर चालताना डावी-उजवीकडे डुलतं, तो धक्का बाजूने चाकावर येतो, आरे सरळ असते तर हलून हलून सैल पडले असते.

लाकडाचं म्हणाल तर तिकडे ओक, हिकरी, ॲश, आपल्या सुताराची बाभूळ. वंगणाला तिकडे डांबर आणि चरबी, तिची बादली मागच्या कण्याला लटकवलेली. आपल्याकडे एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या, हात बरबटायचे ते वेगळं.