सोलर प्लांटमध्ये नोकरी म्हणजे नुसते पॅनेल पुसणे?

ताई, नमस्कार.

तुम्ही साक्रीहून लिहिता : मुलगी दहावीला आहे, तिला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून सोलरमध्ये जायचंय. नातेवाईक म्हणतात, तिथे पॅनेल धुणारे आणि वॉचमनच लागतात.

तुमच्या तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. एवढी क्षमता चोवीस तास पूर्ण चालली, तर दिवसाला ३० लाख युनिट होतील. पण रात्र असते, ढग असतात. आपल्याकडे अशा प्रकल्पांतून वर्षाची सरासरी काढली, तर जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो. त्यातही धूळ बसते, आणि पॅनेल तापलं की दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणून मे महिन्यातलं रणरणतं ऊन दिसतं तेवढं देत नाही.

हा घाटा ऊन-धुळीचा की बिघाडाचा, हे ओळखणं हेच तिथलं खरं काम. एका स्ट्रिंगचा, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलांच्या माळेचा, फ्यूज उडाला तर प्लांट बंद पडत नाही. संध्याकाळी युनिट थोडे कमी भरतात आणि ढगांवर बिल फाटतं. स्क्रीनवर शेजारच्या स्ट्रिंगांचा करंट ताडून पाहणारी, मग क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) घेऊन नेमक्या कंबायनर बॉक्सपाशी, म्हणजे अनेक स्ट्रिंगांच्या तारा एकत्र येतात त्या पेटीपाशी, जाणारी व्यक्ती रोज वीज वाचवते. नव्या प्रकल्पांत डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलांकडून येणाऱ्या विजेच्या बाजूला, १५०० व्होल्टपर्यंत दाब असतो. ते काम शिकलेल्या हातांचंच आहे.

नातेवाईकांचं एक म्हणणं खरं आहे. उभा राहिलेला प्लांट थोड्या माणसांत चालतो, आणि बऱ्याच नोकऱ्या कंत्राटदाराकडे असतात. म्हणून तिला 'सोलर'च्या छोट्या कोर्सला घालू नका. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच करू द्या. ट्रान्सफॉर्मर, रिले (बिघाड ओळखणारी यंत्रणा), स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी साधनं) पक्के झाले की उपकेंद्र, कारखाना, महावितरण, सगळीकडे दारं उघडी राहतात. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ लहान प्रकल्प उभे राहतायत. तिथेही उभारणी आणि देखभालीला माणसं लागतात.

डिप्लोमा प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचे पर्याय भरताना धुळ्याचं शासकीय तंत्रनिकेतन वर ठेवा, नंतर नाशिकचं. जातीचा दाखला लागू असेल तर तो आणि रहिवासी दाखला निकालाआधीच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला गर्दी होते. तिचं गणित कच्चं असेल तर तेवढं मात्र या सुट्टीत पक्कं करून घ्या. पहिल्या वर्षी मुलं तिथेच अडकतात.