मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला चालली आहे. फी माफ झाली तरी हातात किती पैसे ठेवावेत आणि पालकांनी कशाकशावर लक्ष ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की गाव नांदेडकडचं, शेती तीन एकर, मुलीचा नंबर कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, पुण्यातल्या खासगी कॉलेजात लागेल असं दिसतंय आणि पुण्यात ओळखीचं कोणी नाही. मी बार्शीचा. खताबियाण्याचं छोटं दुकान आणि थोडी शेती. थोरला मुलगा २०१९ साली पुण्यात इंजिनिअरिंगला गेला, धाकटी मुलगी २०२४ साली. दोघांच्या खर्चाची वही मी ठेवलेली आहे. हे उत्तर त्या वहीवरून लिहितोय, त्यामुळे आकडे आमचे आहेत. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. फी माफ असली तरी पहिल्या तीन महिन्यांसाठी साठ-सत्तर हजार रुपये रोख हाताशी ठेवा, लॅपटॉप सोडून. मुलीच्या वेळी आमचा हिशोब असा झाला: हॉस्टेलच्या कॉटचं भाडं महिना ६,५०० प्रमाणे तीन महिन्यांचं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट, मेस महिना ३,६००, कॉलेजची माफ न झालेली फी १४,०००, गादी-बादली-ड्राफ्टर-एप्रन-पुस्तकं ६,००० आणि येणंजाणं, झेरॉक्स, वरखर्च धरून सगळं मिळून ६८,०००. शासनाकडून येणारा एक रुपयाही या तीन महिन्यांत आमच्या खात्यावर आला नव्हता. सवलत मिळते, पण कागदावर आधी आणि खात्यात फार नंतर. माझ्या ओळखीतली जी घरं अडचणीत आली, ती पैसा कमी होता म्हणून नाही, तर तो वेळेवर हातात नव्हता म्हणून आली. सोयाबीन निघायच्या आधी प्रवेश असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता माफीचं नीट समजून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या मुलाच्या वेळी ओबीसीला शिक्षण शुल्काची अर्धीच माफी होती. मुलीच्या वेळी पूर्ण झाली. पण शब्द नीट वाचा: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, अनामत रक्कम, जिमखाना वगैरे यात येत नाही. आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही यात नाहीत. पुण्यात एकाच संस्थेचं एकाच आवारात एक कॉलेज आणि एक खासगी विद्यापीठ असं दोन्ही असू शकतं, नावंही जवळजवळ सारखी. प्रवेशपत्रावर कोणाचं नाव आहे ते पैसे भरायच्या आधी पाहा. माझ्या मेहुण्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे प्रवेश घेतल्यावर कळलं. चार वर्षांचा हिशोबच बदलून गेला.

कॉलेजची फी किती असावी हे कॉलेज एकट्याने ठरवत नाही. फी रेग्युलेटिंग ऑथॉरिटी, म्हणजे शुल्क नियामक प्राधिकरण, दरवर्षी प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजची फी मंजूर करतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तुमच्या कॉलेजचा आकडा लिहून सोबत न्या. मी गेलो तेव्हा काउंटरवर मला आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असं सांगितलं गेलं. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हतेच. मी एवढंच म्हणालो, "साहेब, पात्र मुलीकडून माफ असलेली फी आधी घ्यायची असा नियम असेल तर मला तसं लिहून द्या." अर्ध्या तासाने हमीपत्रावर काम झालं: शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर फरक भरू, असं ते हमीपत्र. आवाज चढवायची गरज पडत नाही, पण लेखी मागायला कचरू नका. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. अनामतीची पावती तर चार वर्षं जपून ठेवा, तिच्यावाचून शेवटी पैसे परत मिळायला त्रास होतो. गुणपत्रिकेसारखे मूळ कागद पडताळून परत द्यायचे असतात, ते अडकवून ठेवता येत नाहीत.

कागदांची तयारी आत्ताच करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, प्रवर्गाप्रमाणे नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि राखीव जागेवर प्रवेश असेल तर जात वैधता. जात पडताळणीला वेळ लागतो. घरात वडिलांच्या बाजूच्या कोणाची वैधता आधी झालेली असेल तर ती प्रत जोडा, काम सोपं होतं. आमच्या मुलीचं मुलाच्या वैधतेवर लवकर झालं. महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे सुटलो असं नाही. अर्ज भरल्यावर तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथेच पडून राहू शकतो. मुलीला सांगा, पंधरा दिवसांनी स्थिती बघायची आणि पुढे सरकला नसेल तर शिष्यवृत्ती विभागाच्या क्लार्कला जाऊन भेटायचं.

बँकेच्या खात्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आमचं एक वर्ष गेलं. शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, तर आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. मुलाचं शाळेत असताना उघडलेलं एक झिरो बॅलन्स खातं होतं, कधीच वापरलं नव्हतं, बंद पडलेलं. आधार त्यालाच जोडलेलं राहिलं. पुण्यात आम्ही नवीन खातं काढलं, पासबुकची प्रत दिली आणि निर्धास्त राहिलो. हप्ता परत गेला. कारण कळायलाच चार महिने लागले. तुम्ही आजच आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलंय याची, स्थिती तपासा. जुनं खातं दिसलं तर चालू खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंग बदलून घ्या. दहा मिनिटांचा अर्ज आहे.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत आणि बरेच पालक फी माफीपाशीच थांबतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तीन एकर म्हणजे तुमचा अल्पभूधारकाचा दाखला निघतो. तो तलाठ्याकडून सुरुवात करून काढूनच पुण्याला या. तिथून परत गावी फेऱ्या मारणं महागात पडतं.

राहायचं ठिकाण. कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलला पहिल्या वर्षी जागा मिळत असेल तर घ्या, थोडं महाग असलं तरी. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं ठरलं तर पैसे देण्याआधी विचारा: लाइट बिल वेगळं का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, मे महिन्यात गावी असताना भाडं चालू का, आणि मधेच सोडलं तर डिपॉझिटचं काय. हे करारात लिहिलेलं असू द्या. आमचं पहिलं डिपॉझिट "रंग द्यावा लागेल" म्हणून अर्धं कापलं गेलं आणि करारात काहीच नसल्यामुळे बोलता आलं नाही. दुसऱ्या वेळी खोलीत शिरल्याच्या दिवशी मुलीने भिंती, नळ, कपाट सगळ्याचे फोटो काढून मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवले. डिपॉझिट पूर्ण परत आलं.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली. जागा मर्यादित, मुलाखत होते, शिस्त कडक. बारावीचा निकाल लागला की लगेच अर्ज करा. आमच्या गावचा एक मुलगा तिथे राहून शिकला, त्याचा चार वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च माझ्या मुलाच्या निम्माही झाला नाही. तिथे जागा मिळाली तर दुसरा विचार करू नका.

मेस लावताना खाड्याचा नियम विचारा. गावी गेल्यावर किती दिवसांचा खाडा धरतात, आधी किती दिवस सांगावं लागतं. दिवाळीला वीस दिवस घरी राहून मेसचे पूर्ण पैसे भरणारी मुलं मी पाहिलीत. महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-तीन दिवस सुट्टं ताट जेवून पाहावं. पुस्तकं नवीन घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात आणि वर्ष संपलं की परतही घेतात. लॅपटॉप पहिल्या सहामाहीत नसला तरी बहुतेक चालतं, कॉलेजात लॅब असते. आम्ही मुलीला दुसऱ्या सत्रात घेऊन दिला, तोपर्यंत काय लागतं ते तिला कळलं होतं.

येण्याजाण्याचं: एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलीचा गावाकडचा प्रवास स्वस्त पडतो. रेल्वेतही विद्यार्थ्यांना गावी जाण्यासाठी स्लीपरला सवलत आहे, कॉलेज ऑफिसकडून तिचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. नांदेडसाठी ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. पुण्यात पीएमपीएमएलचा विद्यार्थी पास आणि मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सूट.

कर्ज काढावं लागलं तर सावकाराकडे जाऊ नका, कळकळीने सांगतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे अर्जाची नोंद राहते आणि शाखेतून तोंडी नकार देऊन कोणी परत पाठवू शकत नाही. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज केंद्राच्या पतहमी योजनेत बसलं तर जमीन तारण लागत नाही. सातबारा गहाण ठेवायची घाई करू नका. फी माफ असल्याने तुम्हाला फक्त हॉस्टेल-मेसपुरतंच कर्ज लागेल, तेवढंच घ्या. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तसं व्याज भरत राहा.

कॉलेजात प्रत्येक मुलाला एक जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी, नेमलेले असतात. त्यांचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. हजेरी, बॅकलॉग (राहिलेले विषय), आजारपण, सगळ्यासाठी तेच माणूस. रॅगिंगचं काही वाटलं तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलतात. दोन्ही नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही. रेशनकार्डाची प्रत तिच्याकडे द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तीच आधी मागतात.

आणि एक. पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. थोरला मुलगा पहिल्या वर्षी रविवारी रात्री जेवायचाच नाही. बाहेर जेवायला ऐंशी-शंभर रुपये लागतात, आणि आधीच बाबांचं एवढं चाललंय, म्हणून त्याने कधी सांगितलं नाही. मी दर आठवड्याला फोनवर विचारायचो, "पैसे आहेत ना?" तो म्हणायचा, "आहेत." दुसऱ्या वर्षी त्याच्या मित्राच्या तोंडून हे मला कळलं. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी घरी गेलो होतो, बायकोला सांगायचं कसं तेच सुचत नव्हतं. मुलीच्या वेळी मी पद्धत बदलली. महिन्याचे पैसे १ आणि १६ तारखेला दोन भागांत पाठवतो आणि रविवारच्या जेवणाचे चारशे रुपये वेगळे, शनिवारी सकाळी शंभर-शंभर करून. आणि रविवारी रात्री फोन केला की विचारतो, आज काय जेवलीस.