दाढेत काय भरायचं, ते शेवटी ठरवू

या वेळच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय: भरायचं, टोपी बसवायची, की काढूनच टाकायचं? पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्यांचीही निम्मी उत्तरं येतात.

प्रश्न : माझं वय 54. खालच्या उजव्या बाजूच्या मोठ्या दाढेत फार पूर्वी चांदी भरली होती. गेल्या महिन्यात भाकरीत खडा आला आणि दाढेचा जिभेकडचा एक कोपरा तुटून हातात आला. दुखत नाही. जीभ मात्र सोलवटते आणि गार पाण्याने क्षणभर शिवशिवतं. एका डॉक्टरांनी दाताच्या रंगाचं सिमेंट भरू म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, रूट कॅनाल करून झिर्कोनियाची कॅप. तिसऱ्यांच्या मते दाढ काढून इम्प्लांट. तिघांचे दर तीन आणि तिघेही ठाम. कुणाचं ऐकू? – एक शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, दाढ न बघता निकाल देणं मला शोभणार नाही, पण तुमच्या पत्रात बरंच काही सापडतं. खालच्या दाढांमध्ये मोठी जुनी चांदी असली की जिभेकडचे कोपरे तुटणं हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. आपण चावतो तेव्हा ती ओंडक्यात ठोकलेल्या पाचरीसारखी दोन्हीकडच्या भिंतींना बाहेर रेटत राहते. खडा फक्त निमित्त झाला. ज्वारीवर राग धरू नका.

पेशंट खुर्चीत बसला की पहिलं विचारतो, "मॅडम, मटेरियल कुठलं चांगलं?" माझ्या लेखी तो शेवटचा प्रश्न. आधी बघायचं ते हे, की नस जिवंत आहे का, भिंती किती उरल्यात आणि तुटलेली कड हिरडीच्या वर राहिली की खाली गेली.

नसेचं आधी. गार लागलं की झटकन शिवशिवतं आणि दोन-चार सेकंदांत थांबतं, म्हणजे नस बहुधा शाबूत आहे. गार किंवा गरम लागल्यावर ठणका लांबत गेला, रात्री आपोआप झोपेतून उठवू लागला, तर गोष्ट वेगळी. आणि "दुखत नाही" यावर फार विसंबू नका. मेलेली नसही दुखत नाही. म्हणून कापसाचा बोळा गार स्प्रेने गोठवून आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावतात, मग या दाढेला. दोन्हीकडे सारखं जाणवलं आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली नसली, तर निव्वळ कोपरा तुटला म्हणून रूट कॅनाल करायला मी तरी तयार होणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, "नस खराब आहे हे कशावरून?" त्यांच्याकडे कारण असेल तर ते दाखवतील.

आता भिंती. रूट कॅनाल केलेला दात "सुकतो" म्हणून ठिसूळ होतो, असं घरोघरी बोललं जातं. खरं कारण त्यात उरलेला माल कमी असतो, हे आहे. 1989 सालच्या, उपदाढांवर (सुळा आणि मोठी दाढ यांच्या मधल्या लहान दाढांवर) केलेल्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात नसेपर्यंत पोचायला मधोमध भोक पाडल्याने दाताचा ताठपणा 5 टक्क्यांच्या आसपास घटला. पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा कोरल्या तेव्हा मात्र तो 60 टक्क्यांहून जास्त घटला. तेव्हा डॉक्टरांना आरशात दाखवायला सांगा: चांदी फक्त मधे आहे, की शेजारच्या दातांना टेकणाऱ्या कडांपर्यंत गेलीय? मधे असेल आणि एकच कोपरा गेला असेल, तर पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, पुरेसं ठरू शकतं. कडाही गेल्या असतील, उरलेले कोपरे पातळ असतील, तर तुम्हाला ऑनले लागेल, म्हणजे माप घेऊन लॅबमध्ये बनवलेला आणि दाढेवर चिकटवलेला अर्धा मुकुट. तो कमकुवत कोपऱ्यांना वरून झाकतो आणि धडधाकट बाजूंना हात लावत नाही. तिघांपैकी कुणीच हा पर्याय काढला नाही, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं. थोडंच, कारण ऑनले करायला वेळ जातो आणि कॅपची सगळ्यांना सवय आहे.

कॅप वाईट नाही. पण पूर्ण कॅपसाठी दाढ चारी बाजूंनी तासावी लागते, वरून साधारण दीड मिलिमीटर. जिवंत नसेच्या दाढेला एवढं तासलं की काहींची नस पुढे काही वर्षांत दगावते. झिर्कोनियाच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकच्या, कॅपबरोबर वॉरंटीचं कार्ड मिळतं, ते पेशंट पाकिटात जपून ठेवतात. वॉरंटी टोपीची असते, खालच्या दाताची नव्हे. कीड शिरते ती टोपीच्या कडेखालून, आणि तिला कार्ड दाखवून उपयोग नसतो.

कॉम्पोझिट ठरलं तर एक गोष्ट विचारून घ्या: दाढ कोरडी कशी ठेवणार? खरी मेख इथे आहे. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणतात, तुटलेल्या बाजूला पोलादी पट्टी लावून खाली छोटी पाचर बसवतात. निळी आम्लाची जेल पंधरा-वीस सेकंद ठेवून धुतात, बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, चोळतात, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर निळा दिवा. कॉम्पोझिट कडक होताना किंचित आकसतं, म्हणून एकदम कोंबायचं नसतं. बाँड लावताना हिरडीतून रक्ताचा एक टिपूस आला तरी ती कड पुढे गळते, तिथेच पुन्हा कीड लागते आणि दोष मटेरियलवर जातो. तुटलेली कड हिरडीच्या बरीच खाली असेल, तर आधी हिरडीचं काम करून ती उघडी करावी लागते. पट्टी नीट बसली नाही तर शेजारच्या दाताशी फट राहते आणि रोज जेवल्यावर काडी शोधायची वेळ येते. भरून आल्यावर दोरा घालून बघा. तो किंचित अडून 'टक्' करून आत गेला पाहिजे.

राहिले तिसरे डॉक्टर. दाढ काढायची वेळ येते ती तडा मुळात उतरला असेल तर, किंवा हिरडीच्या वर धरायला काहीच उरलं नसेल तर. एकेका कोपऱ्यावर काडी चावायला देतात. चावताना नाही, पण चावा सोडताना कळ आली तर तड्याचा संशय घ्यायचा. तुमच्या पत्रात असं काही नाही. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं धातूचं मूळ आणि त्यावरचा दात, कुठे पळून जात नाही. दाढ काढली की मात्र ती गेलीच.

तोवर डाव्या बाजूने चावा आणि जिभेला टोचणारी कड आधी गुळगुळीत करून घ्या. महिना होऊन गेलाय, आता थांबू नका.

प्रश्न : नात साडेसहा वर्षांची आहे. खालच्या दुधाच्या दाढेला दोन दातांच्या मधून कीड लागली आहे. डॉक्टर स्टीलची टोपी बसवू म्हणतात. पडणाराच दात, त्यावर खर्च कशाला? शिवाय पोरगी हसली की पत्र्यासारखं चमकणार. – एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, पडणार हे खरं, पण कधी? दुधाची मागची दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. तोवर ती खालून येणाऱ्या उपदाढेची जागा धरून बसलेली असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे पक्की दाढ येते. दुधाची दाढ आधीच काढली तर ही पक्की दाढ पुढे सरकते, उपदाढेची जागा खाते आणि मग तारांचा खर्च येतो. तो टोपीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

फक्त वर छोटा खड्डा असता तर ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरा म्हटलं असतं. ते ओल्या तोंडातही दाताला चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडतं. दोन दातांच्या मधली कीड असली की ते दुधाच्या दाढेत फार टिकत नाही, तुटतं. तिथे स्टीलच चांगलं. स्कॉटलंडमधल्या हॉल नावाच्या दंतवैद्य बाईंच्या पद्धतीत तर इंजेक्शन नाही, ड्रिलही नाही. योग्य मापाची टोपी सिमेंट घालून किडक्या दाढेवर दाबून बसवतात आणि मुलाला चावायला सांगतात. आत कोंडलेल्या किडीला खाणं मिळत नाही, तिची वाढ थांबते. सुरुवातीला चावा उंच लागतो, तो काही आठवड्यांत बसतो. मात्र हिरडीवर पुळी आली असेल किंवा मूल रात्री दुखून उठत असेल, तर ही पद्धत चालत नाही. आधी नसेचं बघावं लागतं.

चमकण्याचं म्हणाल, तर माझ्याकडची मुलं शाळेत टोपी दाखवत हिंडतात. लाज मोठ्यांनाच वाटते.

प्रश्न : वय 73. बीपीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. वर्षभरात चार-पाच दातांना हिरडीजवळ तपकिरी खड्डे पडलेत. सगळ्यांवर कॅप बसवू का? मी गोड खात नाही. तोंड ओलं राहावं म्हणून फक्त खडीसाखर चघळतो. – निवृत्त वाचक, बार्शी

उत्तर : काका, खडीसाखर म्हणजे साखरच! आणि लाळ नसलेल्या तोंडात ती दिवसभर. मुळाच्या भागावर एनॅमलचं कवच नसतं, त्यामुळे तो भाग लवकर विरघळतो. आज कॅप बसवल्या तरी त्यांच्या कडेखाली वर्षभरात हेच होईल. आधी खडीसाखर बंद करून पाण्याचे घोट घ्या. गोळ्यांबद्दल तुमच्या फिजिशियनना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. खड्ड्यांत सध्या ग्लास आयनोमर भरून घ्या, आणि जास्त फ्लोराइडची पेस्ट दंतवैद्यांकडून लिहून घ्या. जिथे भरणं अवघड आहे तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव औषध लावता येतं. कीड थांबते, पण तो भाग काळा होतो. मागच्या दातांना चालेल. पटाशीच्या दातांना लावायचं का, ते आरशासमोर उभं राहून तुम्हीच ठरवा. सहा-आठ महिने नवा खड्डा पडला नाही, तर कॅपचं बोलू.

प्रश्न : चांदीत पारा असतो म्हणे. चारही दाढांतली काढून घेऊ? त्रास काहीच नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : असतो, जवळजवळ निम्मा. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार 2017 पासून लागू आहे आणि युरोपीय संघाने 2025 पासून अशी चांदी भरणं जवळपास बंद केलं आहे. त्यात मोठा वाटा पर्यावरणाच्या काळजीचा आहे. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना मी नवी चांदी भरत नाही. पण शाबूत बसलेली चांदी कोरून काढताना उलट पाऱ्याची वाफ जास्त सुटते, आणि तिच्यासोबत चांगला दातही थोडा जातोच. कडा गळत नसतील, तडा नसेल, तर राहू द्या. दर वर्षी एकदा दाखवा, आणि तेव्हा वाईच्या ताईंना सांगितलं तसं दोन्हीकडच्या कडा बघायला सांगा.