फोनवरून विक्रीची पहिली नोकरी घ्यावी का?

फोनवर ग्राहक नकार देतील अशी भीती वाटत असताना ही नोकरी घ्यावी का, असे आपण विचारले आहे, परंतु माझ्या मते त्याआधी पगाराची रचना पाहावी. निश्चित वेतन किती, कमिशन विक्री ठरल्यावर मिळते की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर, आणि ग्राहकाने नंतर करार रद्द केल्यास दिलेले कमिशन परत कापले जाते का, हे सारे नेमणूकपत्रात लेखी असावे. काम केवळ कमिशनवर असेल आणि काही महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक आपल्याजवळ नसेल, तर ही नोकरी घेऊ नये. प्रशिक्षणासाठी आपल्याकडूनच पैसे मागणाऱ्यांचा तर विचारही नको.

मुलाखतीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत:

- गेल्या तिमाहीत संघातील किती जणांनी उद्दिष्ट गाठले?
- ही जागा रिकामी का झाली?

शक्य असल्यास एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून तासभर त्याचे फोन ऐकण्याची परवानगी मागावी. मुलाखतीपेक्षा त्यातून अधिक कळते.

आता नकाराविषयी. बहुतेक फोन उचललेच जात नाहीत, आणि उचललेल्यांपैकी बहुतेक नकारातच संपतात. हे कामाचे नेहमीचे स्वरूप आहे, आपली अपात्रता नव्हे. नवशिक्यांच्या खऱ्या चुका निराळ्या असतात: ते लिहून दिलेला मजकूर एका दमात वाचून टाकतात, समोरच्याला बोलू देत नाहीत आणि पुन्हा केव्हा फोन करायचा याची नोंद ठेवत नाहीत. ग्राहकाच्या आक्षेपांना उत्तर देऊन त्याला वळवण्याची तंत्रे तूर्त बाजूला ठेवावीत. आपली ओळख, फोन करण्याचे कारण आणि एक नेमका प्रश्न, इतके पहिल्या महिन्यात सहजपणे जमू लागले तरी पुरे.