नाशिकमध्ये सोसायटीने थेट शेतकऱ्याकडून भाजी-धान्य घेणं खरंच टिकतं का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची ऐंशी फ्लॅटची सोसायटी आहे, गिरणाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याशी बोलणं झालंय आणि दर आठवड्याची भाजी अन् वर्षाचं धान्य मधल्या कुणाशिवाय घ्यायचंय. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत हे सहा वर्षं चाललंय. मध्ये एकदा सपशेल बंद पडलं होतं, आणि ते आमच्याच वागण्यामुळे.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ४२ घरांचा. मेथीची जुडी पंधरा रुपये, बारा महिने एकच भाव, असं ठरलं. पावसाळ्यात बाहेर मेथी महाग, तेव्हा सगळे थैल्या घेऊन गेटवर हजर. जानेवारीत नाशकात मेथीला कुत्रं विचारत नाही. लिलावात गाडीभाडं सुटत नाही म्हणून लोक उभ्या पिकात जनावरं सोडतात. रस्त्यावर पाच रुपयाला जुडी मिळायला लागली आणि आमची निम्मी घरं गायब. त्या शनिवारी शेतकरीदादांनी साठ जुड्या आणल्या होत्या, खपल्या तेवीस. रात्री नऊपर्यंत ते गेटपाशी बसून होते. उरलेल्या वॉचमनला देऊन निघून गेले, बोलले काहीच नाहीत. पुढच्या आठवड्यात फोन उचलला नाही.

त्यांना का दोष द्यायचा? रोख पैसे देणारा व्यापारी सोडून ते आमच्या शब्दावर आले होते.

म्हणून आता भाव शेतकऱ्याबरोबर बसून हंगामाच्या आधी ठरतो. बियाणं, मजुरी, टेम्पो आणि त्यांच्या स्वतःच्या घरच्यांची मेहनत, सगळं धरून. प्रत्येक घराचा तीन महिन्यांचा वाटा, अर्धे पैसे आगाऊ. रानात जे असेल ते पिशवीत येतं. ‘वांगी नकोत’ चालत नाही. गावाला गेलात तर तुमची पिशवी शेजाऱ्याला द्या, पण पैसे परत नाहीत. या अटी ऐकून ४२ पैकी १७ घरं उरली. सतरा भरपूर झाली. तुम्हीही ऐंशीच्या नादी लागू नका.

परवान्याची काळजी नको. फळं-भाजीपाला राज्याने २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. खरी कटकट गेटवर टेम्पो कुठे लावायचा याचीच असते, ती तुमच्या चेअरमनशी आधी मिटवा.

आता धान्य. इथे माझं मत जरा ठाम आहे. गव्हापासून सुरुवात करू नका, गहू कुठेही मिळतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या आपल्या पश्चिमेच्या तालुक्यांत डोंगरउतारावर नागली (म्हणजे नाचणी), वरई (भगर), खुरासणी (कारळे) होते. दिवाळीच्या सुमारास हाताशी पैसा नसतो, तेव्हा लोक मिळेल त्या भावाला ती गावातल्या दुकानदाराला घालून मोकळे होतात. नागलीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये ठरला होता खरा, पण दोन पोती घेऊन खरेदी केंद्रापर्यंत जाणार कोण? निवडून, पाखडून दिलेल्या नागलीला आम्ही किलोला ६५ देतो. उतरवून घ्यायला दोघं जण पेठ नाक्यावर जातो.

पण यातही पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली. चांगला भाव मिळतोय म्हणून पाड्यावरच्या ताईंनी होती नव्हती ती सगळी नागली आम्हाला दिली. मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तर ताटात रेशनचा भात. मी सहज म्हटलं, “ताई, भाकरी नाही केली?” त्या हसून म्हणाल्या, “सगळी तुमच्याकडंच गेली की.” कणगीत वाकून पाहिलं, तळाला नुसता कोंडा होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नागलीसारखं भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती (२०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे), पण ताईंच्या पिशवीत येतात गहू आणि तांदूळ. म्हणजे आमच्या चांगुलपणाने त्यांच्या घरातली भाकरी आमच्या डायनिंग टेबलवर आली होती, आणि आम्ही ग्रुपवर ‘कॅल्शियम किती असतं’ याचे मेसेज फिरवत होतो!

तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतो की घरचं वर्षाचं आणि बियाण्याचं काढून किती उरतं? तेवढंच घ्यायचं. एका वर्षी पाऊस लांबला तर फक्त चाळीस किलो आली, प्रत्येक घराला सव्वादोन किलोच्या आसपास. कुरकुर झाली. होऊ दिली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींसाठी निम्म्या दरात पिशवी ठेवली होती, ती मात्र फसली. त्यांना आठवड्याची पिशवी नकोच होती. पगाराच्या दिवशी हवी तेवढीच जुडी आणि स्वतः निवडून हवी होती. त्यांना विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आता शनिवारी सुटी भाजीही ठेवतो, त्याच भावात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: गिरणीवाल्याशी आधी बोला. नागली दळली की जात्यात तिचं पीठ राहतं आणि पुढच्या माणसाचा गहू काळपट येतो. म्हणून दोन किलो नागली कुणी दळून देत नाही. आमचे गिरणीवाले भाऊ तर पहिल्यांदा हात जोडून म्हणाले, “वहिनी, गिऱ्हाईक तोडू नका माझं.” आता सगळ्यांची नागली एकत्र करून गुरुवारी दुपारी, गिरणी बंद करायच्या आधी शेवटी दळतात. वर आम्ही जातं साफ करायला किलोभर जाडे तांदूळ देतो. त्या तांदळाचं पीठ ते घरी नेतात.

तुमच्या गिरणाऱ्याच्या शेतकऱ्यांना टोमॅटोच्या धांदलीत गाठू नका. कॅरेट भरताना माणूस कशालाही हो म्हणतो. माल संपला की जा, आणि पाच-सात गुंठ्यांत मिश्र भाजी लावाल का, एवढंच विचारा. पहिला हंगाम पालेभाजी, गवार, दुधी, भेंडी पुरे. कांदा-बटाटा बाहेरूनच घेऊ द्या लोकांना.